पहिल्या पाच मिनिटांचं पाणी: इंदूरच्या एका गल्लीची तक्रार कशी मार्गी लागली

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या भागातली ही गल्ली. ओळख पटू नये म्हणून गल्लीचं नाव, वॉर्ड आणि झोन गाळले आहेत. घरं ३४, लांबी १९० मीटर, रुंदी जेमतेम साडेतीन मीटर, आणि पलीकडचं टोक बंद. निम्म्याहून जास्त घरं मराठी, तीन-चार पिढ्यांपासूनची. काही वाडे पाडून तिथे चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि वरच्या मजल्यांवर बाहेरगावची शिकणारी मुलं भाड्याने राहतात.

शहराला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं. १९७० च्या आंदोलनानंतर ही योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये पाणी शहरात पोहोचलं. सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, वर विंध्याचा चढ पार करून आणलेलं हे पाणी बहुतेक वस्त्यांना दिवसाआड मिळतं. या गल्लीत पहाटे साडेपाचला नळ येतो आणि ४५ मिनिटांनी जातो.

पुढचं सगळं या दिवसाआडपणाभोवती फिरतं, म्हणून ते आधी समजून घ्यायला हवं. लाईन सतत भरलेली असली तर बारीक भोकातून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की लाईन रिकामी होते, आतला दाब पडतो आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाईपभोवती कोरडी माती असेल तर फारसं बिघडत नाही. पण शेजारी तुंबलेलं ड्रेनेज चेंबर असलं की पुढचा नळ येताना पहिल्यांदा चेंबरमधलं पाणी येतं. त्यात घरोघरी थेट लाईनला मोटर लावलेली असली तर ही ओढ आणखी वाढते.

अडचण

जूनअखेरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गल्लीच्या बंद टोकाकडच्या घरांत पाण्याला वास येऊ लागला. रंग फिकट पिवळट. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी निवळायचं, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांना काही जाणवायचं नाही. आठवड्याभरात तीन घरांत मुलांना जुलाब झाले.

लोकांनी लगेच तक्रारी केल्या, यात कुठे ढिलाई नव्हती. नऊ दिवसांत महापालिकेच्या इंदूर ३११ या तक्रार ॲपवर ११ तक्रारी गेल्या. पण त्या ११ वेगवेगळ्या होत्या. कोणी पाणीपुरवठ्याखाली नोंदवली, कोणी ड्रेनेजखाली. पत्त्यात कोणी स्वतःचं घर दिलं, कोणी गल्लीचं तोंड. मजकूर जवळपास सगळ्यांचा एकच: «गंदा पानी आ रहा है».

ड्रेनेजवाले आले, त्यांनी चेंबर उपसलं, फोटो काढला, तक्रार बंद झाली. पाण्याकडचा माणूस दुपारी बाराला आला. त्या वेळी नळच नव्हता, तो काय बघणार? त्याने लिहून नेलं की पुरवठा सामान्य आहे. ११ पैकी पाच तक्रारी अशा निकाली निघाल्या. या दोघांनी आपापलं काम केलं होतं. चूक दोन खात्यांच्या मधल्या जागेत होती आणि तिथे बघायला कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी उपयंत्री (महापालिकेचे कनिष्ठ अभियंता) स्वतः आले आणि नमुना घेतला. तिसऱ्या क्रमांकाच्या घरातून, म्हणजे व्हॉल्व्हच्या अगदी जवळून, आणि नळ येऊन पाऊण तास होत आल्यावर. अहवाल आला: पिण्यायोग्य. या कागदाने गल्ली हादरली, कारण आता तक्रार खोटी ठरत होती.

इथे त्या अधिकाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. जिवाणू तपासणीचा नमुना घेताना तोटी पुसून, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू देऊन मग बाटली भरायची, हीच रीत आहे. मुख्य लाईनमधलं पाणी कसं आहे ते कळावं म्हणून ती आहे. मात्र दोष पहिल्या पाच-दहा मिनिटांतच दिसत असेल तर तीच रीत दोष झाकते. म्हणून नमुना कुठला आणि कितव्या मिनिटाचा हे दोन्ही मागणीत लिहावं लागतं.

कोणते मार्ग होते

त्या संध्याकाळी चौदा-पंधरा माणसं एका ओट्यावर जमली. चर्चेत आलेले पर्याय आणि त्यांवर झालेला विचार असा.

झोन कार्यालयावर मडकी घेऊन जायचं, असं तरुण मुलांचं म्हणणं. त्याने त्या दिवशी टँकर नक्की आला असता. पण हातात पिण्यायोग्य असल्याचा अहवाल असताना वाद त्या कागदावर अडकला असता.

पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, जाणं सगळ्यांना मान्य होतं, ते झालंही. पार्षद फोन करू शकतात, माणूस पाठवू शकतात. खोदायचं कुठे, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

बोअरिंग किंवा घरोघरी आरओ हा पर्याय सात-आठ घरांनी वैयक्तिकरीत्या घेतलाच होता. गल्ली म्हणून तो नाकारला, कारण भाड्याच्या खोल्यांतली मुलं आणि बंद टोकाची दोन हातावर पोट असलेली घरं त्यातून सुटत नव्हती.

कायदेशीर वाट होती ती स्थायी लोक अदालतीची. सार्वजनिक पाणीपुरवठा हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात ‘लोकोपयोगी सेवा’ म्हणून मोडतो आणि तिथे अर्जाला कोर्ट फी लागत नाही. हा पर्याय राखून ठेवला.

निर्णय वळला तो एका निवृत्त ड्राफ्ट्समनच्या प्रश्नाने. त्यांनी विचारलं, «कोणाच्या घरी घाण येते आणि कोणाच्या नाही, हे कोणी लिहिलंय का?» कोणीच लिहिलेलं नव्हतं. मग ठरलं की आधी मोजायचं आणि मग एकच तक्रार करायची.

बाटल्या आणि नकाशा

ही या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी पायरी, म्हणून सविस्तर.

एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या, प्रत्येक घरी चार. चिकटपट्टीवर घर क्रमांक आणि मिनिट: १, ५, १५, ३०. नळाला पाणी आलं ती वेळ भिंतीवर खडूने लिहायची आणि तिथून मिनिटं मोजायची. त्या सकाळी मोटर कोणीही लावायची नाही, कारण एका घरी मोटर सुरू झाली की शेजारच्या घराचं माप बिघडतं. ही अट पाळून घेणं सर्वांत कठीण गेलं. पहिल्या फेरीत सहा घरांनी मोटर लावली आणि ती फेरी फुकट गेली.

दिवसाआडच्या पुढच्या तीन फेऱ्या नीट झाल्या. साडेसहाला सगळ्या बाटल्या एका ओट्यावर घरांच्या क्रमाने मांडल्या जायच्या. मागे पांढरा चार्ट पेपर. पहिल्या मिनिटाच्या ओळीत १ ते १५ क्रमांकाच्या बाटल्या काचेसारख्या स्वच्छ आणि १६ पासून चहाच्या धुवणासारखं पाणी. ज्यांचा वासावर विश्वास नव्हता, त्यांनीही ती ओळ पाहिल्यावर वाद घातला नाही.

चार्ट पेपरवर गल्लीचा नकाशा काढला. घरं, प्रत्येकाचा नळजोड कुठून येतो, चेंबरं कुठे, आणि कितव्या मिनिटाला पाणी निवळतं. वाचन असं:

१ ते १५: सुरुवातीपासून स्वच्छ.
१६ ते २४: पाचव्या मिनिटाच्या आसपास निवळतं.
२५ ते ३४: पंधरा मिनिटं लागतात.
१९ क्रमांक: स्वच्छ. चौकशी केल्यावर कळलं की त्या घराचा नळजोड मागच्या गल्लीतून आहे.

त्या १९ क्रमांकाने शंका मिटवली. घाण पाणी लाईनमध्ये १५ आणि १७ च्या दरम्यान शिरतंय आणि तिथून पुढे ढकललं जातंय, हे कागदावर दिसत होतं. अशा नकाशाचे आणखी दोन अर्थ लक्षात ठेवावेत. एकाच घरी घाण येत असेल तर दोष त्या घराच्या जोडात असतो. आणि सगळीकडे शेवटपर्यंत घाण येत असेल तर तो व्हॉल्व्हच्या वर, मुख्य लाईनवर किंवा टाकीत असतो आणि शेजारच्या गल्ल्यांनाही तसंच होत असतं.

जोडीला दोन स्वस्त चाचण्या केल्या. एक एच-टू-एस पट्टीची बाटली: खुणेपर्यंत पाणी भरायचं, घरातल्या तापमानाला २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं पडलं तर मैलाचं पाणी मिसळल्याची दाट शंका. तिसऱ्या घराची बाटली तशीच राहिली, २८ ची रात्रीतून काळी झाली. दुसरी क्लोरीनची. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकानुसार उरलेलं क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. तिसऱ्या घरी होतं, २८ च्या पहिल्या बाटलीत शून्य. क्लोरीन वाटेत घाणीवर खर्ची पडत होतं. या घरगुती चाचण्या प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेत नाहीत. पण नमुना कुठला घ्यावा हे सांगायला त्या पुरेशा आहेत.

जनसुनवाई

मध्य प्रदेशात दर मंगळवारी जनसुनवाई असते, अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. तिथे चाळीसऐवजी पाच जण गेले. त्यांत बंद टोकाची एक गृहिणी आणि भाडेकरूंपैकी एक विद्यार्थी होता. अर्ज एक पानाचा, सोबत नकाशा, बाटल्यांच्या ओळीचा एक फोटो आणि आधीच्या ११ तक्रारींचे क्रमांक. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे आधी ठरलेलं.

अर्ज हिंदीत लिहिला. घरात मराठी बोलणाऱ्यांनी तो थेट हिंदीत लिहिण्याची पहिल्यांदा घाई केली आणि ‘गढूळ’साठी ‘मटमैला’ शब्द वापरला. तो शब्द मातीकडे नेतो, मैलाकडे नाही. मग बदलून ‘सीवेज मिश्रित, बदबूदार’ असं केलं. एका शब्दावर तक्रार कुठल्या खात्याच्या टेबलावर जाते ते ठरतं, म्हणून इतका खल.

मागण्यांवर मोठा वाद झाला. बऱ्याच जणांना ‘संपूर्ण गल्लीची नवी लाईन’ हवी होती. पण नव्या लाईनला एस्टिमेट, मंजुरी, निविदा लागतात. खड्डा खणून दुरुस्ती झोनच्या देखभालीतच होते. शेवटी तीनच मागण्या गेल्या:

घर ३ आणि घर २८ अशा दोन ठिकाणांहून नळ आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आणि पुन्हा अर्ध्या तासाने नमुने घ्यावेत.
घर १५ ते १७ दरम्यान तपासणी खड्डा घ्यावा, पाणी आणि ड्रेनेज दोन्ही शाखांची माणसं हजर असावीत.
तोपर्यंत पुरवठ्याच्या दिवशी टँकर द्यावा.

त्याच दिवशी १८१ या सीएम हेल्पलाईनवर एकच तक्रार नोंदवली, जनसुनवाईचा आवक क्रमांक देऊन. १८१ वर तक्रार मुदतीत सुटली नाही तर आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. पातळ्या चार आहेत. आणि बंद करण्यापूर्वी तक्रारदाराला समाधानाबद्दल विचारलं जातं. हा शेवटचा मुद्दा पुढे महागात पडला.

खड्ड्यात काय निघालं

टँकर दुसऱ्या दिवशी आला. नमुने चौथ्या दिवशी, तेही पहाटे. २८ क्रमांकाच्या पहिल्या नमुन्यात दूषण सापडलं. मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय अजिबात दिसता कामा नये, इथे दिसले. आठव्या दिवशी खड्डा घेतला गेला.

१७ क्रमांकाच्या घराचा अर्धा इंची लोखंडी नळजोड मुख्य लाईनवरून निघून सरळ ड्रेनेज चेंबरच्या भिंतीतून आरपार गेला होता. चेंबरच्या आतला पाईप गंजून त्याला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. कोरड्या दिवसांत चेंबरमधलं पाणी पाईपच्या खालून वाहायचं. पाऊस आला की चेंबर भरायचं आणि पाईप बुडायचा. जून उलटेपर्यंत कोणाला वास का आला नाही, ते तिथे उभं राहून कळलं.

जोड चेंबरच्या बाहेरून, वरच्या बाजूने फिरवला. लाईन क्लोरीनने धुतली. घराघरांच्या टाक्याही धुवायला सांगितल्या, कारण लाईन सुधारली तरी टाकीतला गाळ जुनाच असतो. १००० लिटरच्या भरलेल्या टाकीला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं, रात्रभर ठेवून सकाळी सगळं सोडून द्यायचं. ते पाणी पिण्याचं नाही, हे भाडेकरूंच्या दारावर हिंदीत लिहून चिकटवलं.

निर्णयाचा चुकलेला क्षण

दुरुस्तीनंतरच्या दोन फेऱ्यांत बाटल्या स्वच्छ आल्या. १८१ वरून फोन आला, समाधानी आहात का? तक्रारदाराने हो म्हटलं. तक्रार बंद.

दहा दिवसांनी जोराचा पाऊस झाला आणि २७ ते ३४ मध्ये पुन्हा वास. या वेळी १६ ते २६ स्वच्छ. म्हणजे दुसरं भोक, २६ आणि २७ च्या मध्ये. आता नवी तक्रार, पुन्हा पहिल्या पातळीपासून. जवळपास तीन आठवडे गेले.

दुरुस्तीनंतरचे दोन दिवस पाऊस नव्हता, हे नकाशावरच्या तारखांत दिसत होतं. पावसात होणारा दोष कोरड्या दिवशी तपासून तक्रार बंद केली गेली. त्या फोनला सरळ उत्तर देता आलं असतं: काम झालं आहे, पण पुढच्या मोठ्या पावसानंतरचा नमुना येईपर्यंत समाधान नोंदवत नाही.

दुसरा दोष शोधायला बाटल्यांपेक्षा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण कामी आली. २६ आणि २७ च्या मध्ये पूर्वी एक वाडा होता. वाडा पाडला तेव्हा त्याचा नळजोड मुख्य लाईनवर बंद न करता जमिनीत तसाच सोडलेला. नव्या इमारतीने स्वतंत्र जोड घेतला. जुन्या पाईपचं उघडं तोंड ड्रेनेजच्या पाझरत्या सांध्यापासून हातभर अंतरावर पडून होतं. जुन्या वस्त्यांत हे इतकं सर्रास आढळतं की नकाशात पाडलेली घरंही पहिल्याच दिवशी दाखवायला हवीत.

नवी लाईन

१९० मीटरमध्ये दोन दोष सापडल्यावर नव्या लाईनची मागणी पुन्हा निघाली आणि आता तिला आधार होता. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये भरून तीन गोष्टी मागितल्या: लाईन टाकल्याचं वर्ष, गेल्या वर्षभरातल्या पाणी नमुन्यांचे अहवाल आणि प्रस्तावित कामाचं एस्टिमेट. उत्तराची मुदत ३० दिवस. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. तो अर्जात आधीच मागून ठेवल्याने खोदकामाच्या वेळी कोणी हटकलं नाही. मंजुरीसाठी पार्षदांनी मनापासून पाठपुरावा केला. काम दिवाळीनंतर झालं.

पाण्याची लाईन ड्रेनेजपासून आडवी ३ मीटर दूर असावी असा संकेत आहे. साडेतीन मीटरच्या गल्लीत ते अशक्य. मग दुसरी अट लागू होते: पाण्याच्या पाईपचा तळ ड्रेनेजच्या माथ्यापासून किमान अर्धा मीटर वर हवा, चर वेगळा हवा. गल्लीने दोन माणसं टेप घेऊन उभी ठेवली. एका वळणावर अंतर कमी पडत होतं, तिथे उपयंत्र्यांनी उंची बदलून दिली.

आणखी दोन आग्रह धरले. माती लोटण्याआधी दाबाची चाचणी सगळ्यांसमोर व्हावी. आणि नवी लाईन सुरू झाल्यावर जुनी व्हॉल्व्हपाशीच कापून तिला झाकण बसवावं. हे दुसरं अनेकदा राहून जातं आणि काही जोड जुन्या लाईनवरच चालू राहतात.

मुख्य लाईन महापालिकेची, पण घराचा जोड घरमालकाचा, म्हणून ३४ निळे एमडीपीई (प्लॅस्टिकच्या नळीचे) जोड कोणी करायचे हा प्रश्न आला. बंद टोकाच्या त्या दोन घरांना जमण्यासारखं नव्हतं. गणपतीच्या वर्गणीची वही काढली, त्यातच वेगळं पान केलं आणि दोन्ही जोड गल्लीने करून दिले. तीन घरमालक बाहेरगावी राहतात. त्यांचे भाडेकरू रोज ते पाणी पितात, पण खर्चाला मालकाची परवानगी हवी. ती वेळेत मिळाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मुलाला जुलाब झाले त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवायला हवं होतं. एका गल्लीत एका आठवड्यात तीन रुग्ण, एवढी एक ओळ पाण्याच्या तक्रारीपेक्षा वेगळ्या वाटेने जाते आणि नमुना लवकर घेतला जातो. हे कोणालाच सुचलं नाही, आणि सगळ्यात मोठी खंत तीच आहे.

पाणी उकळून प्या, हा निरोप मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दिवशी गेला. भाड्याच्या खोल्यांतली मुलं त्या ग्रुपमध्ये नव्हती. त्यांना नऊ दिवसांनी कळलं.

मोटर न लावण्याची अट मोजणीपुरती पाळली गेली. पुढे ती सुटली. थेट लाईनवरची मोटर काढून जमिनीतल्या टाकीतून पाणी वर चढवायची सोय ११ घरांनी केली आहे, बाकीच्यांची बाकी आहे.

सध्याची स्थिती

नव्या लाईनवर ३१ नवे जोड आहेत. बाहेरगावच्या मालकांच्या तीन घरांत जुना लोखंडी जोड नव्या लाईनला तात्पुरता जोडून दिला आहे. त्यांपैकी एक चेंबरच्या बाजूने जातो. तो बदलावा म्हणून मालकाला पत्र आणि झोनला अर्ज, दोन्ही गेले आहेत, आवक क्रमांक घेतला आहे. पाऊस झाल्यावरच्या पहिल्या नळाला २८ आणि ३४ क्रमांकाच्या घरांत अजूनही पहिल्या मिनिटाची बाटली भरून ओट्यावर ठेवतात, चार्ट पेपरसमोर.